बादशहाच्या बागेतली करडई

घरात कुणी खिरीत केशर घातलं की मी वाटी खाली ठेवतो आणि काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो. बायको म्हणायची, यांना पित्त होतं. मुलगा समजतो, मला गोड चालत नाही. सून नवी होती तेव्हा तिला वाटलं, आपल्या हाताला चव नाही. चाळीसहून अधिक वर्षं मी या तिन्ही समजुती नीट सांभाळल्या, कारण खरं सांगायचं तर मालकांबद्दल सांगावं लागलं असतं, आणि मालकांबद्दल सांगायचं तर करडईबद्दल. आता मालक गेले, बीडचे अत्तरवाले त्यांच्या आधी गेले, बायकोही गेली. ज्यांच्यासमोर मान खाली घालायची त्यांच्यापैकी कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे मला धीर आला. याला धीर म्हणत नाहीत हे मला कळतं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने हाती असेल त्या मालावर भागवावं.

मालक म्हणजे माझे घरमालक. चौसाळ्याला त्यांचं दुकान होतं: रंग, चुना, दोर, खिळे, कुलपं. मागे घर, आणि घराच्या कडेला दोन खोल्या. त्या खोल्यांत मी एकोणीस वर्षं भाड्याने राहिलो. मी गावातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मालक मला ‘कंपौंडर’ म्हणत आणि मी त्यांना मालक. त्यांच्या कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि डाव्या नाकपुडीत कायम तपकीर. सकाळची पूजा आटोपून ते दुकानाच्या फळ्या काढायचे, आणि गल्ल्याच्या मागे उलट्या डब्यावर पाट ठेवून इराणचा बादशहा रंगवायला बसायचे.

एखादा शेतकरी पावशेर खिळे मागायला आला की आतून मालकीणबाई सांगायच्या, “थांबा जरा, डोळा चालू हाय.”

म्हणजे मालक चित्रातल्या कुणाचा तरी डोळा काढत असायचे. तो डोळा मोहरीपेक्षा लहान. एक श्वास सोडला आणि दुसरा घेतला नाही, एवढ्या वेळात तो काढायचा, असा त्यांचा नियम होता. त्या वेळात घरात कुणी शिंकायचं नाही, भांडं आपटायचं नाही, दाराची कडी वाजवायची नाही. गावालाही याची सवय झाली होती. शेतकरी पायरीवर बसून राहायचा. कधी दोन डोळे लागोपाठ निघायचे, तर कधी मालकांनाच तपकिरीमुळे शिंक यायची आणि एखादा वजीर जन्माचा चकणा व्हायचा. मग त्या दिवशी खिळे मिळत नसत.

हा नाद त्यांना आज्याच्या पापातून लागला होता. निजामाच्या काळात कुण्या जहागीरदाराचं घर मोडलं आणि तिथली कागदपत्रं रद्दीत निघाली. मालकांच्या आज्याचं तेव्हा किराणा दुकान होतं. त्याने एक पोतं उचललं. कागद जाड, गुळगुळीत, हिंग बांधायला उत्तम. काही महिने त्याने हिंग, हळद, जायफळ त्यातच बांधून विकलं. पोत्यात होती ती एका बादशहासाठी इराणात तयार झालेली पोथी. सोन्याच्या रेघांची चौकट, चौकटीत फारसी अक्षर, आणि मधूनमधून एक चित्र. वीतभर जागेत अख्खा दरबार, घोडे, कारंजी, गालिच्यावरची नक्षीसुद्धा मोजता यावी इतकी स्वच्छ. एका पुडीवर सोनं चमकताना आजीला दिसलं, म्हणून तिने उरलेली पानं काढून लुगड्यांच्या पेटीत तळाला घातली. ती अकरा होती.

“आमच्या आज्यानं बादशा पुड्यात बांधून इकला,” मालक सांगायचे. “निम्मं चौसाळं राजकन्येचं तोंड फाडून हिंग काढून घेत व्हतं. कुनाला कळलं न्हाई, कावून की आमटी झकास व्हायची.”

आज्याने फाडलेलं आपण भरून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सगळी पोथी एका जन्मात होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. निदान एक पान. कोणतं, हेही पोथीनेच सांगितलं होतं. जुन्या पोथ्यांना पानांचे आकडे नसत. प्रत्येक पानाच्या तळाशी, कोपऱ्यात तिरकं, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत, म्हणजे बांधणाऱ्याचा घोळ होत नसे. अकरापैकी सगळ्यात सुंदर पानावर बादशहा सिंहासनावर बसला होता आणि डावीकडे रिकाम्या जागेकडे बघत होता. त्याच्या तळाशी एकच शब्द होता: बाग. पुढच्या पानावर बाग होती आणि बादशहा ती बघत होता. त्या बागेत कुणीतरी हिंग बांधून नेला होता.

“चारशे वर्सं झाली, ह्यो बागेकडं बघत बसलाय,” मालक म्हणायचे, “आन् म्होरं आमच्या आज्याचं दुकान.”

फारसी अक्षर त्यांना वाचायला शिकवलं ते बीडच्या अत्तरवाल्यांनी. बीडच्या बाजारात त्यांचं अत्तराचं अरुंद दुकान होतं. दर गुरुवारी मालक एसटीने जायचे, दोघं दुकानात गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि पोथीच्या एका ओळीवर दुपार घालवायचे. अत्तरवाले ओळ म्हणून दाखवायचे, मालक मान डोलवायचे, मग अर्थावरून भांडण, मग चहा. तपकिरीने मालकांचं नाक पार निकामी झालं होतं. गॅस गळला तरी त्यांना पत्ता लागत नसे. तरी ईदला अत्तरवाले त्यांना गुलाबाची कुपी द्यायचेच. आणि अत्तरवाल्यांना साखरेचा आजार. तरी सीताफळांच्या दिवसांत मालक त्यांच्याकडे टोपली न्यायचेच. ज्याला वास येत नाही त्याला अत्तर, ज्याला गोड चालत नाही त्याला सीताफळ. अशी दोस्ती मी पुढे पाहिली नाही. ती मोडणारा मीच असल्यामुळे हे मला खात्रीने सांगता येतं.

मालकांची मतं चित्रांपुरती राहत नसत. इराणी चित्रात सावली नसते, आणि रात्र दाखवायची असली तरी अंधार रंगवत नाहीत. वर चंद्र काढतात, माणसाच्या हातात दिवा देतात, बाकी सगळं दिवसासारखं लख्ख. वीज गेली की मालक कंदील लावत पुटपुटायचे, “त्येच्या राज्यात रातीबी गालिच्याचं फूल दिसतंय. आन् हे आपलं राज्य. ताटातली भाकर दिसंना.”

एकदा गावातल्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला. फ्लेक्स तेव्हा यायचे होते, बोर्ड हाताने रंगवून घ्यावा लागे. नेहमीचा पेंटर मांजरसुंब्याला ट्रक रंगवण्यात अडकला होता, म्हणून कार्यकर्ते मालकांकडे आले. मी त्यांना खुणेने ‘नको’ म्हणत होतो. पाचव्या दिवशी बोर्डावरचं कापड काढलं. पुढारी सुरूच्या झाडाखाली गालिच्यावर गुडघे मोडून बसले होते. तोंड पुनवेच्या चंद्रासारखं, भुवया एका रेघेच्या, जिवणी डाळिंबाच्या दाण्याएवढी, आणि हातात छोटा प्याला. मागे गुलाबी डोंगर. डोंगरावर बारा कार्यकर्ते, बाराही जणांना तेच तोंड.

पुढाऱ्यांनी बराच वेळ बघितलं. “ह्यो कोन?”

“तुमी.”

“आन् ह्ये?”

“सरबत हाय.”

मग त्यांचं लक्ष डोंगराकडे गेलं. “मालक, कार्यकर्ते माझ्याएवढेच कावून काढले? मागं हायेत ना ते? बारीक दिसाया पाह्यजेत.”

“मागं हाय म्हनून बारीक कावून काढायचा?” मालक म्हणाले. “मानूस लांब गेला म्हंजी त्याची इज्जत कमी हुती का?”

बाराही कार्यकर्ते समोर उभे होते. पुढाऱ्यांना ‘हो, होते’ असं म्हणता येईना. बोर्ड आठ दिवस चौकात राहिला, आणि त्या आठ दिवसांत पुढाऱ्यांनी चौकातून येणं-जाणं टाळलं.

आता कुंचल्याबद्दल सांगतो, म्हणजे मांजरांबद्दल. असलं बारीक काम बाजारच्या ब्रशने होत नाही. पूर्वीचे चित्रकार मांजरीच्या गळ्याखालचे किंवा खारीच्या शेपटीचे केस कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवत. खार शेंगदाणे खाऊन पळून जायची, म्हणून मालकांनी मांजरी पाळल्या. उंदीर धरायचं त्यांना बंधन नव्हतं. आमच्या गल्लीत कुठेही गळ्याखाली बोडकी मांजर दिसली की लोक म्हणायचे, बादशहाची आहे, दूध घाला.

आणि रंग. निळा दगड कुटून, पांढरा शिशापासून, लाल हिंगुळापासून. हिरव्यासाठी तांब्याचे पत्रे सिरक्यावर टांगून मडकं महिनाभर उकिरड्यात पुरायचं. पत्र्यावर जो हिरवा गंज चढतो तो खरवडायचा. त्याला जंगाल म्हणतात. त्याच्यासारखा हिरवा मी झाडावरही पाहिला नाही. पण हा रंग फार हलकट. चार-दहा वर्षं गप्प बसतो आणि मग कागद खायला लागतो. आधी तपकिरी डाग, मग भेगा, मग भोक. शेजारचं पान मिटून ठेवलं असेल तर तेही खातो. इराणी चित्रकारांना हे ठाऊक होतं आणि त्यावरचा उताराही: जंगालात केशर घोटायचं. केशराने त्याचा दात बोथट होतो.

बागेचं पान म्हणजे जवळजवळ सगळं हिरवं. त्याला केशर भरपूर लागणार होतं. अत्तरवाल्यांनी हैदराबादच्या आपल्या नातलगांकडून ते मागवलं आणि मालकांकडून काही घ्यायचं नाकारलं. त्या आठवड्यात मालकांच्या पायाला खिळा लागला होता. डॉक्टरांची औषधं आणायला मी बीडला निघालोच होतो. मालक म्हणाले, येताना तेवढं घेऊन ये.

अत्तरवाल्यांनी माझ्यासमोर डबी उघडली. एक काडी चिमटीत धरून मला दाखवली, एका टोकाला लाल आणि तळाशी पिवळसर. मग जाड कागदाची पुडी बांधली. “संभालके लेजाव,” ते म्हणाले. “इसमें मालक का बाग है.”

माझी बायको तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. त्याआधीचं बाळ पोटातच गेलं होतं. त्या दिवसांत कुणी काही सुचवलं की आम्ही ते करत होतो. ताईत, नवस, उपास, काही सोडलं नाही. आईने टुमणं लावलं होतं की रोज दुधात केशराच्या चार काड्या दिल्या तर मूल जगतं आणि वर गोरंही होतं. केशर आमच्या आवाक्यातलं नव्हतं. एसटीत पुडी माझ्या खिशात होती. वाटेतलं मांजरसुंबा येईपर्यंत मी ठरवलं, चार काड्या घ्यायच्या. घरी पोहोचेपर्यंत चार दिवसांच्या झाल्या. मग मनात आलं, अर्धी घ्यावी. कंपाउंडरचा हात आहे. मिक्श्चरमध्ये पाणी वाढवून बाटली भरायची त्याला सवय असते, आणि रोगी बरेही होतात. पण अर्धी पुडी हलकी लागली असती. भर घालायला काय? चौसाळ्याच्या चारी बाजूंना करडई उभी होती. तिच्या वाळलेल्या पाकळ्या लांबून केशरासारख्या दिसतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. मी त्या निवडल्या, रात्रीत चुलीच्या उबेवर सुकवल्या, दवाखान्यातल्या कात्रीने सारख्या कापल्या. एकदा इतकी मेहनत घेतल्यावर अर्धीच कशाला बदलायची, असं वाटलं. सगळी बदलली. पुडी बांधण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. अत्तरवाल्यांची घडी जशीच्या तशी घातली.

मालकांनी पुडी उघडली आणि नाकाशी नेली. मी श्वास धरून उभा होतो, जणू माझाच डोळा चालू होता. त्यांनी मोठ्या समाधानाने हुंगलं आणि म्हणाले, “वा. अत्तारसाब म्हंजी अत्तारसाब.” त्यांना कशाचाच वास येत नव्हता. आणि डोळ्यांनी त्यांनी तपासलं नाही. मित्राच्या हातचं कोण तपासतं?

मुलगा झाला. खणखणीत रडत आला, आणि काळ्या रानासारखा काळाभोर. आईने डॉक्टरांच्या औषधांवर संशय घेतला. बायको मात्र शेवटपर्यंत बायकांना कौतुकाने सांगायची की यांनी मला कुठून कुठून केशर आणून पाजलं. आज तो बीडला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो आणि त्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातो. तो केशरामुळे जगला की करडईनेही जगला असता, हे मला सांगता येत नाही. मी ते स्वतःला अनेकदा विचारलं आहे, आणि दर वेळी उत्तर माझ्या सोयीचं आलं आहे, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही.

त्याचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा मालक बिचकत आमच्या दाराशी आले. असे बिचकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“कंपौंडर, एक मागू का? राग न्हाई ना येनार?”

त्यांना जावळाचे केस हवे होते. पहिल्या केसाला कात्री लागलेली नसते, त्याचं टोक जन्मतः निमुळतं असतं. मांजरीच्या केसालाही तसं नसतं. बायको म्हणाली, देऊ नका, अपशकुन होतो. मी दिले. सगळे दिले. त्या दिवशी त्यांनी माझी किडनी मागितली असती तरी मी दिली असती. त्या केसांच्या कुंचल्याने मालकांनी बागेतली पानं काढली. एकेक पान वेगळं, चिनाराचं वेगळं, डाळिंबाचं वेगळं. त्याला तीन वर्षं लागली. पुरं झालं तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवलं. मला चित्रातलं कळत नाही. पण खिडकी उघडून कुणीतरी गार वारं आत सोडावं, तसं वाटलं. कारंज्याजवळ राजपुत्र बसला होता. समोरच्या जुन्या पानावरचा बादशहा त्याच्याकडे बघत होता. आज्याच्या पुड्यांनंतर पहिल्यांदाच त्याला बघायला काहीतरी मिळालं होतं.

“आता हे एक तप उघडायचं न्हाई,” मालक म्हणाले. “लोनचं मुरतं तसा रंग मुरावा लागतो.”

हे कुठल्याही पोथीत लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या डोक्यातलं होतं. त्यांनी नवं पान जुन्या पानाला भिडवून ठेवलं, लाल कापडात गुंडाळलं, वर पाटा ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. बारा वर्षं. त्या बारा वर्षांत मी त्या पेटीशेजारून रोज गेलो. कधी वाटे, सांगून टाकावं. कधी वाटे, कदाचित काही होणारही नाही, पूर्वीचे लोक काय काय लिहून ठेवतात.

तप पुरं झालं तेव्हा मालकांनी शहरातल्या एका संग्रहालयातल्या जाणकारांना पत्रामागून पत्रं लिहून बोलावून घेतलं. आले ते गृहस्थ सभ्य होते. मालकीणबाईंनी पुरण घातलं होतं. मालकांनी नवं धोतर नेसून कापड सोडलं.

बाग गळून पडली. खरंच गळून पडली. पान उचलताच तपकिरी भुगा मांडीवर आला. झाडं नव्हती, हिरवळ नव्हती, तिथे भोकं होती. राजपुत्र तेवढा शाबूत, अधांतरी बसलेला, आणि त्याचा गालिचा दोरीवर वाळत घातल्यासारखा. भोकांतून पलीकडचं जुनं पान दिसत होतं. त्यावर बागेची छाया उतरली होती, तपकिरी. बादशहाचं अर्धं तोंड आणि ज्या डोळ्याने तो बागेकडे बघायचा तो डोळा जळून गेला होता.

 मालकांनी भुगा चिमटीने गोळा करायला घेतला. जाणकारांनी हळूच विचारलं, हिरव्यात केशर घातलं होतं का? मालकांनी रंगाच्या पेटीतून पुडी काढली. चिमूटभर त्यांनी जपून ठेवलं होतं. जाणकारांनी वाटीभर पाणी मागवलं आणि त्यातल्या दोन-चार काड्या पाण्यात टाकल्या. खरं केशर सावकाश रंग सोडतं आणि काडी लालच राहते. इथे पाणी लगेच पिवळं झालं आणि पाकळ्या उमलून वर आल्या. वाटीत बघायला जाणकार लागत नव्हता. मालकीणबाईच म्हणाल्या, “ही तर करडी हाय.”

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बरोबर घेतलं. “तू पुडी आनली हुती. तू साक्षीला चल.” मी गेलो. न जाण्यासाठी कारण सांगावं लागलं असतं.

बाजाराचा दिवस होता. अत्तरवाले उठून उभे राहिले आणि नेहमीसारखे म्हणाले, “आव, मालक.” मालक पायरी चढले नाहीत. त्यांनी शेजारच्या हॉटेलातून काचेचा पेला मागून घेतला, रस्त्यात सगळ्यांसमोर त्यात उरलेली चिमूट सोडली आणि पिवळं झालेलं पाणी अत्तराच्या कुप्यांमध्ये ठेवलं.

“वीस वर्सं तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो,” ते म्हणाले. “मला वास येत न्हाई, ते तुमाला ठावं हुतं.”

अत्तरवाल्यांनी पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांनी पुडी माझ्या हातात दिली होती. त्यांच्या माझ्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, वाट बघितल्यासारखे. मी कुप्या मोजत होतो.

“मेरे हात से असली गया था, मालक,” ते शेवटी म्हणाले. “बस इत्ताच बोलतूं.”

“मंग काय रस्त्यात करडी झाली का?”

लोक हसले. मीही हसलो. हे एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

त्यानंतर बाजारात त्यांना लोक करडईवाले म्हणू लागले. ईदच्या शीरखुर्म्यासाठी, बाळंतिणीसाठी त्यांच्याकडून केशर नेणारे येईनासे झाले. ते फक्त उदबत्त्या विकू लागले. माझ्या घरी ते कधी आले नाहीत, कुणाकडे काही बोलल्याचंही ऐकलं नाही. पुढे मी बीडला राहायला आलो तेव्हा त्या गल्लीतून जाणं टाळत असे. एकदा चुकून गेलो तर दुकानात त्यांचा मुलगा मोबाईलची कव्हरं विकत होता. वडील गेल्याचं त्याने सांगितलं आणि विचारलं, “आप कौन?” मी एक कव्हर घेऊन आलो.

मालकांनी पुढेही चित्रं काढली, पण हिरव्याला हात लावला नाही. त्यांच्या बादशहाच्या राज्यात कायमची पानगळ सुरू झाली. झाडं पिवळी, डोंगर पिवळे, घोड्यांखाली माती. कुणी विचारलं तर म्हणायचे, बीड जिल्ह्यात बादशा असता तर त्यालाबी टँकरच लागला असता. गुरुवारी ते बीडला जायचे थांबले. सीताफळं झाडावरच फुटायची.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांना आता दिसत नाही, पोथीची पानं संग्रहालयाला देणार आहोत, त्याआधी तुम्हाला भेटायचं म्हणतात. मी नातवाकडून मोबाईलवर केशराची छोटी डबी मागवली, अस्सल. वाक्य तयार केलं. ‘मालक, केशर खरं होतं. ते माझ्या घरात गेलं.’ एवढंच. चौसाळ्यापर्यंत एसटीत ते घोकत गेलो.

ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मांडीवर पाट, त्यावर कोरा कागद, आणि हातात अकीकाचा गोटा. कागद गुळगुळीत करायला तो घासतात. दिसत नव्हतं, तरी घासणं चालू होतं.

“कोन?”

“मी, कंपौंडर.”

“लई दिवस लावलेस बे,” ते म्हणाले, आणि हाताने माझं तोंड चाचपून हसले. “तू बी वाळलास की.”

मग त्यांनी सुनेकडून एक पान मागवून माझ्या हातात दिलं. पोथी संपली की लेखक शेवटी लिहून ठेवतो, हे कुणी लिहिलं, रंग कुणी केले, बांधलं कुणी. मालकांनी डोळे जाण्यापूर्वी तसं पान केलं होतं, मराठीत, सोन्याच्या चौकटीत.

“वाच,” ते म्हणाले. “पोरगं वाचतं, पन त्येला ठावं न्हाई कायबी. तू हुतास.”

मी वाचलं. आज्याने केलेला नास लिहिला होता. मांजरींची नावं लिहिली होती, सहाही. मग, ‘पानांचा कुंचला कंपौंडरच्या लेकराच्या पहिल्या केसांचा. कंपौंडर इमानी माणूस.’ आणि त्याखाली, ‘केशर बीडच्या अत्तरवाल्याचं. त्याने दगा दिला, म्हणून बाग गेली.’

“बराबर हाय ना?” मालकांनी विचारलं. गोटा थांबला होता. “नीट बघ. एकदा तिथं गेलं म्हंजी कायमचं. मी त्येच्या मयतीलाबी गेलो न्हाई, कंपौंडर. कवा कवा वाटतं, जायाला पाह्यजे हुतं. तूच हुतास तिथं, पुडी बांधताना. कायी बदलायचं असलं तर आत्ता सांग.”

डबी माझ्या खिशात होती. वाक्य तोंडात होतं. ओसरीवर कुणी शिंकत नव्हतं, भांडं वाजत नव्हतं. एक श्वास सोडून दुसरा घ्यायच्या आत ते म्हणून झालं असतं.

“अक्षर फार सुरेख आहे, मालक,” मी म्हणालो.

“अक्षर ऱ्हाऊ दे. मजकूर?”

“मजकूरही.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कागद घासायला लागले. सुनेने चहा आणला. मी तो घेतला आणि निघालो. पंधरवड्याने ते गेले. पान आता संग्रहालयात आहे, काचेखाली असेल.

त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो, बीड जवळ आलं तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, चांगलं मोठ्याने. शेजारी मांडीवर पिशवी घेऊन एक बाई बसली होती. ती दचकली.

“काय म्हनलात, बाबा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मांजरसुंबा आलं का, विचारत होतो.”

“ते व्हय,” ती म्हणाली. “ते तर कवाच मागं गेलं.”